पहिल्या गायकाची कॅसेट

५ फेब्रुवारी

फवाऱ्या,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न उघडताच टाकून देशील, म्हणून पत्ता लेकीकडून लिहून घेतला. आतलं अक्षर मात्र माझंच आहे. सातवीपर्यंत जेवढं वळण लागलं तेवढंच, आणि आता हातही हलतो. सांभाळून घे.

तू अजून त्याच खोलीत राहतोस ना, रंगाच्या दुकानाच्या वर? नसशील तर हे कुणाच्या हाती पडेल कोण जाणे. जे कुणी वाचत असतील त्यांनी कृपा करून वरच्या मजल्यावर चौकशी करावी. आणि फवारा म्हणून कुणी ओळखत नसेल, तर डेपोत बसगाड्यांना रंगाची बंदूक मारणारा उंच माणूस असं विचारावं.

काम एकच आहे. तुझ्याकडे आपल्या लाडक्या बँडची ती कॅसेट आहे. पहिली रेकॉर्ड निघायच्याही आधीची, तालमीच्या खोलीत भरलेली, पहिल्या गायकाच्या आवाजातली. तिच्यात ‘आग आहे’ हे गाणं संथ आहे. पुढे रेकॉर्ड करताना त्यांनी वेग वाढवला आणि जगाला तेच माहीत झालं. मला संथ हवंय. ऐकून परत करीन. माझ्याकडून आजवर तुझी एकही वस्तू परत यायची राहिलेली नाही, छत्री सोडून.

बँडचा हा शेवटचा दौरा, हे तू वाचलंच असशील. पेपरात फोटो होता. गिटारवाल्याच्या बोटाला पट्टी, बासवाल्याच्या नाकावर वाचायचा चष्मा, गायक खांबाला टेकलेला. सगळ्यांत ताजातवाना दिसतो तो ड्रमवाला. आयुष्यभर बसून काम केलं म्हणून टिकला असेल. आपण दोघं डेपोत उभ्याने झिजलो.

फोटो बघत बराच वेळ बसलो. माझ्यासारख्या घाबरट माणसाला हे संगीत कसं काय आवडलं, असं मला लोक विचारत आले आहेत. दार लावलं का, गॅस बंद केला का, लेक पोचली का, हे माझ्या छातीत सकाळी सुरू होतं ते झोपेपर्यंत धडधडत राहतं. तू शेडमध्ये रंगाच्या पिंपावर टेप ठेवून तो बँड पहिल्यांदा लावलास, तेव्हा मी बसचा पत्रा ठोकत होतो. ऐकलं आणि हातोडा खाली ठेवला. वाटलं, आपल्याच शेडचा गोंधळ कुणीतरी नीट तालात लावलाय. आणि छातीतली धडधड पहिल्यांदाच मला ऐकू येईनाशी झाली. लोक म्हणतात हे रागाचं संगीत आहे. मला तर त्याच्याइतकं शांत दुसरं काही वाटत नाही.

असो. कॅसेट पाठव.

घरी तुझी ताई बरी आहे. तिचा फोन पाण्यात पडलाय, तेव्हा तिला फोन करू नकोस, लागणार नाही. माझ्या फोनवर तर करूच नकोस. फोनवरचं मला काही कळत नाही. अर्धे कान हातोड्याने खाल्ले, उरलेले बँडने.

ठोक्या

ता. क. महिना संपायच्या आत हवी. का ते विचारू नकोस.


१२ फेब्रुवारी

फवाऱ्या,

विचारू नकोस म्हटलं की तू विचारणारच, हे मी विसरलो होतो. तू लेकीला फोन केलास आणि तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. मग माझ्याशी बोलायचंय म्हणून हट्ट धरलास, तिने फोन माझ्या कानाला लावला, आणि मला नुसता एक कुंई असा आवाज आला. तू शिव्या देत होतास असं लेक म्हणाली. “मामा रडत पण होता,” असंही म्हणाली. दोन्ही पोचलं.

फोन पाण्यात पडला नव्हता. ताईच पडली होती, न्हाणीघराच्या दारात. डोक्यात गुठळी. दवाखान्यात वेळेवर नेलं, जीव वाचला. उजवा हात जड आहे, पाऊल थोडं ओढतं. पण ते चालेल. तिचं बोलणं गेलंय. सगळं समजतं तिला. मी चहात साखर विसरलो तर कप माझ्याकडे असा सरकवते, की बोलली असती तरी इतकं लागलं नसतं. फक्त तोंडातून शब्द येत नाही. ओठ हलतात, कपाळावर घाम येतो, आणि मग ती भिंतीकडे बघते.

तुला का नाही कळवलं? तू म्हणशील लपवलं. लपवलंच. तू मला नेहमी म्हणायचास, “भावजी, माझी ताई तुमच्या कर्णकर्कश घरात दिली, तिचं काय व्हायचंय.” आता झालं ते बघायला तू येशील, आणि मी तुला काय सांगणार, हा विचार करण्यातच महिना गेला.

आता कॅसेटचं ऐक.

घरी एक बोलणं शिकवणाऱ्या बाई येतात. तरुण आहेत, केस मुलासारखे कापलेले, जिना पळत चढतात. त्या म्हणाल्या, बोलण्याची जागा डोक्यात एका बाजूला असते आणि गाण्याची बरीचशी दुसऱ्या बाजूला. ज्यांना बोलता येत नाही त्यांना कधीकधी गाता येतं. मग गाण्याचा हात धरून बोलणं परत आणायचं. “आजींना लहानपणापासून पाठ असलेलं एखादं गाणं सांगा,” म्हणाल्या.

अंगाई म्हणून पाहिली. शाळेची प्रार्थना म्हणून पाहिली. लेकीने सिनेमातली जुनी गाणी लावली. ताई ऐकत राहायची, मान डोलवायची. ओठ बंद.

मग एका दुपारी मला फार घाबरल्यासारखं झालं, म्हणून मी आतल्या खोलीत जाऊन आपली रेकॉर्ड लावली. हळू आवाजात, स्वतःपुरती. ‘आग आहे’ सुरू झालं. ते धृपद तुला सांगायला नकोच. आग आहे, आग आहे, अजून आत आग आहे. बाहेर आलो तर ताई खुर्चीत ताठ बसलेली, डोळे मोठे, आणि तिच्या तोंडातून आवाज आला. “आ…ग.” स्वरात. अगदी बरोबर स्वरात.

हसू नकोस. जिने त्या बँडला उभ्या आयुष्यात एक चांगला शब्द दिला नाही, तिच्या डोक्यात गाणं म्हणून तेवढंच शाबूत होतं! लग्न झाल्यापासून रोज ऐकतेय ना बिचारी, भिंतीपलीकडून, स्वयंपाक करता करता, नाक मुरडत. “अहो, कमी करा ते.” मी कमी करायचो. ती आत गेली की इवलंसं वाढवायचो. पुन्हा दारात यायची.

बाईंना बोलावून दाखवलं. ताईने पुन्हा “आग” म्हटलं, पण पुढे जाईना. गाणं तिच्यापुढे पळून जातं. ती पहिल्या शब्दावर, तोवर गायक तिसऱ्या ओळीत. ती मागे राहते, चिडते आणि ओठ मिटून घेते. बाई म्हणाल्या, हेच गाणं, पण पुष्कळ संथ हवं. मला लगेच तुझी कॅसेट आठवली. लग्नाआधी तुमच्या घरी ती दिवसभर वाजायची. ताईने हे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते तिथेच, त्याच चालीत.

लेकीचं म्हणणं, महिनाअखेर आईला ती आपल्या गावी नेते. तिथे मोठा दवाखाना आहे. तिचं चुकत नाही. तिची रजा फार उरलेली नाही, मी म्हातारा, कानाने अधू, रात्री ताईने हाक मारली तर, म्हणजे हाक तरी कुठून मारणार, पण काही वाजवलं तर मला ऐकू येणार नाही. हे सगळं खरं आहे. बाई मात्र म्हणतात, महिनाअखेरपर्यंत दोन-चार शब्द मोकळे झाले तर आजींना या घरातून हलवू नका, इथलं इथेच होऊ द्या.

तेव्हा कॅसेट पाठव. ताईची आहे ती गरज, माझी नाही.

ठोक्या


१७ फेब्रुवारी

फवाऱ्या,

तुझा निरोप लेकीने फोनवरून वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला. ‘भावजींनी एका ओळीत लिहून द्यावं की पहिला गायकच खरा, कॅसेट दुसऱ्या दिवशी निघेल.’

लिहून देणार नाही.

लेक कपाळावर हात मारून म्हणाली, “बाबा, लिहा ना, काय जातंय? मामाला तेवढंच समाधान.” तुझ्या ताईसाठी मी काय करत नाही? तिची वेणी घालतो. भांग वाकडा पडतो, ती आरशात बघून डोळे फिरवते, मी पुन्हा घालतो. तिची नखं कापतो, आणि श्वास रोखून कापतो. पण हे नाही लिहिणार. तिच्यासमोर बसून खोटं लिहिलं तर तिला लगेच कळेल. आणि त्यावर बोलता येणार नाही म्हणून आणखी चिडेल.

एवढी वर्षं तू मला कारण विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. आता कागद समोर आहे, तर सांगतो.

पहिला गायक मोठा होता, हे मी नाकारलं कधी? त्याचा आवाज खाली उतरला की पोटात लोखंड तापल्यासारखं व्हायचं. तो भांडून गेला तेव्हा मलाही जेवण गेलं नव्हतं. पण नंतर ज्याला आणला त्याचं काय चुकलं होतं? काटकुळा पोरगा, शर्ट उसना घेतल्यासारखा. त्याचा पहिला कार्यक्रम आठव. तू आणि तुझी ती पुढची सगळी रांग ठरवून आला होतात. तो मंचावर आला आणि तुम्ही सगळ्यांनी पाठ फिरवली. शंभर माणसं मंचाकडे पाठ करून, हाताची घडी घालून उभी. त्याला नुसत्या पाठी दिसत होत्या, जाकिटांवर पहिल्या गायकाचे चेहरे शिवलेल्या. आणि तो गात राहिला. वरचा सूर फाटला, तरी गात राहिला.

मी तुझ्या शेजारी उभा होतो. तुझं तोंड माझ्याकडे, माझं मंचाकडे. तू म्हणालास, “भावजी, फिरा!” मी नाही फिरलो. तू पुन्हा म्हणालास, “लाज वाटू द्या, फिरा!” मी ओरडून म्हणालो, “तूच फीर!” तेवढंच आपलं शेवटचं बोलणं.

मी शेडमध्ये कसा आलो ते तुला माहीत होतं, पण तू कधी त्याचा विचार केला नसशील. बदली कामगार म्हणून आलो. माझ्याआधीचा पत्रेवाला सगळ्यांचा लाडका होता. मी पहिला पत्रा ठोकला तेव्हा मुकादमासकट सगळे बघत होते, आणि एकजण म्हणाला, “त्याच्या हाताची सर नाही.” बरोबरच होतं. नव्हतीच सर. पण म्हणून काय हातोडा टाकून घरी जायचं? मी ठोकत राहिलो. त्या संध्याकाळी तो काटकुळा पोरगा मला मीच वाटला. त्याला पाठ कशी दाखवणार होतो?

आज तो सत्तरीला आलाय. गाण्याच्या शेवटची ती लांब आरोळी त्याला आता झेपत नाही. तो माईक लोकांपुढे धरतो आणि आरोळी लोक देतात. पेपरवाल्याने त्याची टिंगल केलीय. मला तर त्यात काहीच हसण्यासारखं दिसलं नाही. आयुष्यभर त्याने आमच्या वतीने ओरडून घेतलं, आता आम्ही त्याच्या वतीने ओरडतो.

तर कॅसेट नको देऊस. माझं मी करतोय. पहिल्यांदा रेकॉर्डच्या तबकडीवर बोट टेकवून वेग कमी केला. गायक रेड्यासारखा हंबरायला लागला आणि ताई हसली! आजारपणानंतर पहिल्यांदा. तोंड एका बाजूला वाकडं, पण हसली. मी तिला पुष्कळ वेळा हंबरून दाखवलं.

मग मीच गायला लागलो. माझा आवाज तुला माहीत आहे. बाईंनी पद्धत दाखवली: समोर बसायचं, आजींचा डावा हात हातात घ्यायचा, आणि प्रत्येक अक्षराला त्या हाताने टेबलावर एक हलका ठोका द्यायचा. आ, ग, आ, हे. मी ठोका दिला तर कप उलटला. बाई म्हणाल्या, “आजोबा, बस नाहीये ती.”

ते मला लागलं, कारण खरं होतं. पत्र्याचा पोचा काढताना मधोमध घाव घातला की पत्रा ताणतो आणि कायमचा फुगतो. कडेने यायचं, मागे आधार धरून, हलक्या हाताने. शेडमध्ये हे मी नवीन पोरांना सांगायचो. आणि इथे रोज सकाळी ताईपुढे बसून म्हणायचो, “बोल, मी कोण? बोल बरं, मी कोण?” सगळे घाव मधोमध. बाईंनी ते बंद करायला लावलं. आता काहीच विचारत नाही. हात धरतो, ठोके देतो, गातो. परवा माझ्या गाण्यावर ‘आग’ आलं. काल ‘आत’ आलं. ‘आहे’ अजून अडतं.

गळा बसलाय. लेकीने बॅग काढून पुसून ठेवलीय, पलंगाखाली. मला दिसू नये म्हणून खाली ठेवलीय, आणि मला तेवढीच दिसते.

तू कॅसेट पाठव नाहीतर पाठवू नकोस. ती बोलेल. मी सोडणार नाही.

ठोक्या


२४ फेब्रुवारी

फवाऱ्या,

पार्सल आलं. पोस्टमनची बेल मला ऐकू आली नाही, ताईनेच काठी जमिनीवर आपटून सांगितलं. कॅसेट बनियनमध्ये गुंडाळलेली निघाली. बनियन परत पाठवू का?

मी एक ओळही लिहून दिली नव्हती, तरी पाठवलीस. त्याबद्दल जे लिहायचं ते मला लिहिता येत नाही. तू समज.

तुझी चिठ्ठी मात्र कोड्यात टाकून गेली. ‘भावजी, ताईसाठी पाठवतोय, तुमच्यासाठी नाही. कॉपी खराब आहे. गाण्याच्या शेवटी घोळ झालाय, म्हणून आजवर कुणाला दिली नाही. हसू नका.’ म्हणजे एवढी वर्षं मी आणि शेडमधले सगळे तुझ्या मागे लागायचो, आणि तू म्हणायचास, “मूळ चीज आहे, हात लावून झिजवायची नाही,” ते या घोळामुळे? आणि परवाची ती लिहून देण्याची अटही त्यातलीच का?

कसला घोळ? शेडमध्ये लावायचास तेव्हा गाण्याचा शेवट यायच्या आतच तू टेप बंद करायचास. तू ती कशी केलीस ते मला माहीत आहे. एक रात्र उसनी आणलेली कॅसेट, दोन टेप समोरासमोर ठेवलेले, एक वाजतोय, दुसरा ऐकतोय. तार नव्हती कुणाकडे. खोलीत चिटपाखरू नको, खोकायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही. आम्हीही तशाच करायचो. माझ्या एका कॉपीत मधेच शिंक आहे. मला ती शिंक इतकी पाठ झालीय की खऱ्या गाण्यात ती येत नाही तेव्हा चुकल्यासारखं वाटतं. तेव्हा घोळाची लाज कसली बाळगतोस?

अजून लावलेली नाही. माझा टेप बरीच वर्षं कपाटावर पडून आहे. भीती वाटते, फीत गिळून टाकली तर? कापूस आणि स्पिरिटने पुसला. दुसऱ्या एका फालतू कॅसेटवर चालवून बघितला. नीट चालला. पुन्हा पुसला. लेक म्हणाली, “बाबा, आता लावा, नाहीतर पुसून पुसून त्याचा रंगच जाईल.” मी म्हटलं, उद्या बाई येतील तेव्हाच लावायची. काही झालं तर निदान जाणतं माणूस जवळ असावं.

ताई त्या कॅसेटकडे बघत बसलीय. डब्यावर तुझं अक्षर आहे, तेव्हाचं. तिने डाव्या हाताच्या बोटाने ते गिरवलं.

ठोक्या


३ मार्च

फवाऱ्या,

बाई आल्या. ताईला खिडकीपाशी बसवलं. टेप टेबलावर, मी समोर, तिचा डावा हात माझ्या हातात. लेक दारात. बटण दाबलं.

आधी खरखर. मग ड्रमवाल्याने काठीवर काठी वाजवून ताल दिला, आणि सुरुवात झाली. इतकं संथ आहे ते, मी विसरूनच गेलो होतो. एकेक ठोका सावकाश खाली येतो. पहिल्या गायकाचा आवाज आला, आणि खरं सांगतो, मोठाच आहे तो. धृपद आलं. मी ताईच्या हाताने ठोका द्यायला लागणार, तेवढ्यात तिनेच दिला. मला वाटच बघावी लागली नाही. “आग… आहे… आग… आहे…” आणि मग सगळी ओळ. “अजून आत आग आहे.” एकही शब्द न गाळता, त्या गायकाच्या पावलाशी पाऊल लावून. मला सगळं ऐकू आलं नाही, पण तिच्या गळ्याची थरथर हातापर्यंत येत होती.

मी मान खाली घातली होती. गाणं शेवटाकडे आलं असेल, कारण गिटार एकटीच वाजत होती. तेवढ्यात तिने हात काढून घेतला. वर बघितलं तर तिच्या भुवया जवळ आलेल्या, हनुवटी पुढे, मान स्वयंपाकघराच्या बाजूने वळलेली, आणि ओठ हलले.

दोन शब्द. मला ऐकू आले नाहीत. पण फवाऱ्या, ते ओठ मी ओळखतो. उभा जन्म तेच बघत आलोय, मोठ्या आवाजाच्या पलीकडे, दारात उभे असलेले. ‘कमी कर.’ मला म्हणायची तसं ‘करा’ नाही, ‘कर’.

बाई उठून उभ्या राहिल्या. लेकीने तोंडावर हात ठेवला. मी आपला खुळ्यासारखा म्हणालो, “बरं, करतो,” आणि टेपकडे हात नेला. बाई ओरडल्या, “बंद करू नका!” तेवढं मात्र ऐकू आलं.

त्यांनी फीत मागे नेली, त्यांच्या पिशवीतले कानाला लावायचे मोठे हेडफोन माझ्या डोक्यावर बसवले, आणि पुन्हा लावलं. गिटार एकटी वाजतेय, आणि मागून, लांबून, भांड्यांच्या आवाजातून एक मुलगी ओरडते. “अरे, कमी कर रे तो गोंधळ!”

हा तुझा घोळ! स्वयंपाकघराचं दार लावायचं राहिलं होतं तुझं.

मी ते किती वेळा ऐकलं ते सांगत नाही. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली, आणि मी बाईंसमोरच रडलो. ‘कमी करा’ हे मला आयुष्यभर दिसलंय. ऐकू कधी आलंच नव्हतं. ती म्हणायची तेव्हा बँड वाजत असायचा, आणि बँड नसायचा तेव्हा तिला ते म्हणायची गरज नसायची. तिच्या तोंडचे ते शब्द माझ्या कानात पहिल्यांदा पडले, ते तुझ्या खराब कॅसेटवरून.

बाईंनी लगेच पाय जमिनीवर आणले. म्हणाल्या, हा प्रतिध्वनी झाला. आजींचा जुना आवाज आला, त्याच्या बरोबरीने त्यांचा आत्ताचा आवाज निघाला. उत्तम झालं. पण टेप नसताना, त्यांना स्वतःला वाटलं म्हणून शब्द यायला हवा. “त्यांना मनापासून म्हणावंसं वाटेल असं काहीतरी घडायला हवं, आजोबा.”

एवढं सांगून त्या जिना उतरून गेल्या. पुढचं काय करायचं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपली रेकॉर्ड लावली. दुसऱ्या गायकाची, वेगाची. बटण शेवटपर्यंत फिरवलं. खिडकीची काच वाजायला लागली. ताई खुर्चीत उडाली. मी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसलो, हाताची घडी घातली. तिने डोळे वटारले. मी बसून राहिलो. काठी आपटली. मी म्हटलं, “काठीचं मला ऐकू येत नाही.” लेक धावत आली, “बाबा! वेड लागलंय का? कमी करा की!” मी म्हटलं, “तू नको म्हणूस. तिला म्हणू दे.”

लेकीने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली. हाताची घडी घालून.

त्या दिवशी काही आलं नाही. ताईने जेवताना माझ्याकडे बघितलंही नाही. रात्रभर मला वाटत राहिलं, मी पुन्हा मधोमध घाव घातला. पण सकाळी मीच म्हटलं, हा घाव नाही. हा मागे धरायचा आधार आहे. ठोकायचं तिने आहे. पुन्हा लावली. त्या दिवशी शेजारच्या शिक्षिकेने दार वाजवलं, लेकीने तिला कारण सांगितलं, तर तीही थोडा वेळ उभी राहिली. तिसऱ्या दिवशी ‘क’ आलं. ताईने स्वतःच डाव्या हाताने मांडीवर ठोका दिला आणि ‘मी’ आलं. मी बटण केसभर मागे फिरवलं. केसभरच. ती बघतच राहिली. आपण बोललो आणि जगात काहीतरी हललं, असं तिच्या तोंडावर दिसलं. तिने पुन्हा ठोका दिला. “कमी.” मी आणखी केसभर मागे घेतलं.

लेकीने काल बॅग पुन्हा माळ्यावर टाकली. “उन्हाळ्यापर्यंत बघू,” म्हणाली. शेजारच्या शिक्षिकेला आमच्या दाराची किल्ली दिलीय, आणि ताईच्या उशाशी लाल दिवा लागणारं बटण बसवलंय. ते दाबलं की माझ्या डोळ्यांवर दिवा पेटतो. तिने ते पहिल्याच रात्री उगाचच चार वेळा दाबलं. सूड आहे, दुसरं काही नाही.

आज सकाळी आणखी एक झालं, म्हणून पत्र लिहायला बसलो. रेकॉर्ड मोठ्याने सुरू होती. मी पाठमोरा होतो, खिडकी उघडत होतो. मला काही ऐकू येत नव्हतं, आणि पाठ असल्याने ओठही दिसत नव्हते. लेकीने येऊन माझा दंड धरला आणि मला फिरवलं. म्हणाली, “बाबा, ती तुम्हाला हाक मारतेय. ‘अहो’ म्हणतेय. मघापासून.”

कॅसेट मी इतक्यात परत करत नाही. छत्रीसारखंच समज. पहिला गायकच खरा असं मी अजूनही लिहून देणार नाही. तुझ्या कॅसेटवर सगळ्यांत चांगला आवाज त्याचा नाहीच.

तू ये. आलास की स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून आपण दोघं ते गाणं लावू. तुला हवा तो गायक लाव, हवं तर भिंतीकडे तोंड करून ऐक, मी काही बोलणार नाही. ती बोलेल. टेपवर ती तुझ्यावर किती जोराने ओरडलीय ते आता मला ठाऊक आहे. तेवढ्या जोराने यायला अजून अवकाश आहे.

तोवर मी आवाज कमी करणार नाही.

ठोक्या